आमच्या कृषी सहायक मॅडमना, कांदाचाळीबद्दल

मॅडम, सप्रेम नमस्कार.

अनुदानाचे आभार सरकारचे. तेव्हाच्या नियमाने टनाला साडेतीन हजार, म्हणजे 25 टन कांदा साठवायच्या चाळीचे 87,500 रुपये खात्यावर आले. तुमचे आभार मानायचे आहेत ते चार फुटांसाठी.

आमच्या घरी सगळ्यांना चाळ सहा फूट रुंद हवी होती. जागा आहे, खर्च करतोच आहोत, मग हात आखडता का घ्यायचा? खाली कोबाही हवा होता, झाडायला सोपा. तुम्ही दोन्हीला नाही म्हणालात. मामंजी चिडले, "कांदा आम्ही जन्मभर साठवतोय." तुम्ही वाद घातला नाहीत, त्यांना आमच्याच जुन्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायला लावलात. आत कांदा कोमट लागत होता आणि हाताला वासही आला. रुंदी वाढली की मधल्या कांद्याला वारा लागत नाही, सड तिथूनच सुरू होते, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

त्यानंतर तुमचा आराखडा घरात चालला. पाखी, म्हणजे कांदा भरायचा लांब कप्पा, चार फुटांची, थर पाच फुटांच्या आत, तळ जमिनीपासून उचललेला आणि मोकळा, दुपाखी (दोन पाख्यांची) चाळ म्हणून लांबी पूर्व-पश्चिम, छताला सिमेंटचे पत्रे, कारण लोखंडी तापतात. कांदा काढल्यावर पातीसकट शेतात वाळवायचा, मान थोडी ठेवून कापायचा, मग सावलीत सुकवून निवडूनच चाळीत टाकायचा, हेही तुम्ही बायकांना बांधावर बसून सांगितलंत. (पुरुषमंडळी तेव्हा चहा पीत होती.)

आणि कागद! सातबाऱ्यावर कांद्याची नोंद, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज, लॉटरी. पत्रे स्वस्त मिळतायत म्हणून पोरगा नंबर लागताच बांधायला निघाला होता. "पूर्वसंमती हातात येईपर्यंत एक खड्डासुद्धा घेऊ नका," हा तुमचा फोन आला नसता तर अनुदानावर पाणीच सोडावं लागलं असतं.

चाळीने भाव मिळतो असं मात्र मी कुणाला सांगत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं तेव्हा सगळ्यांच्या चाळी उन्हाळ कांद्याने भरलेल्याच होत्या. पण एप्रिल-मेमध्ये साऱ्या तालुक्याबरोबर ट्रॅक्टर लासलगावला लावायचा आणि पुकारतील त्या भावाला माल द्यायचा, ती सक्ती गेली. आता पेरणीपुरती एक ट्रॉली काढतो, बाकीचा पोळ्यापर्यंत थांबवतो. घट होतेच, पण पूर्वीसारखी पाटीच्या पाटी उकिरड्यावर जात नाही.

आता एक काम. आमच्या बचत गटाला मका-सोयाबीनसाठी लहान गोदाम बांधायचं आहे. केंद्राच्या कृषी विपणन पायाभूत सुविधा योजनेत सर्वसाधारण 25 टक्के आणि महिलांना 33.33 टक्के अनुदान असल्याचं वाचलं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे. कर्जाचं नाव काढलं की अर्ध्या जणी गप्प होतात. तुमची बदली झाली हे माहीत आहे, तरी दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी या. जेवायलाच या, आणि बँकेत काय विचारायचं ते आम्हाला लिहून द्या.

आपली,
चांदवड तालुक्यातील एक कांदा उत्पादक