एसीचा पॉइंट काढायच्या आधी डोक्यावरचा फॅन बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की पेपरात पानं भरून एसीच्या जाहिराती येतात आणि आमच्यासारख्या वायरिंगची कामं करणाऱ्यांना फोन सुरू होतात, एसीचा पॉइंट काढून द्या म्हणून. काढून देतो, कामच आहे ते. पण बऱ्याच घरात आधी फॅनच धड चालत नसतो आणि त्याच्याकडं कोण बघतच नाही, याचं लई वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

आता आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी असो नाहीतर कळंबा, फ्लॅट घेतला की पीओपी, म्हणजे स्लॅबखाली प्लास्टरचं दुसरं छत, करायचंच. स्लॅब साडेनऊ-दहा फुटावर, त्यात पीओपीनं सहा-आठ इंच खाल्ले, वर फॅन लोंबलेला बरा दिसत नाही म्हणून रॉड कापून चार इंचाचा करतात. अहो, फॅन वरची हवा ओढतो आणि खाली टाकतो, पात्यांच्या वर जागाच ठेवली नाही तर तो ओढणार काय? पाती सीलिंगपासनं साधारण फूटभर खाली पाहिजेत, जमिनीपासनं आठ फुटावर असली तर झकास, फक्त सात फुटाच्या खाली नकोत. हे पीओपीवाल्याला काम सुरू व्हायच्या आधीच सांगायला लागतं, नंतर कळून काय उपयोग. मग पाचवर ठेवला तरी वारं लागत नाही अशी तक्रार, वीज मात्र पूर्ण जाते.

आपल्याकडं फॅन जळाला की रिवाइंडिंग करून आणायची पद्धत आहे, चांगलीच आहे. पण कधी कधी कनेक्शन उलटं जोडलं जातं आणि फॅन उलटा फिरतो. खाली उभं राहून वर बघा, नेहमीचा फॅन घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरला पाहिजे. वेग भरपूर आणि खाली वारं नाही असं असेल तर आधी हे तपासा. हळूहळू स्लो पडलेल्या फॅनचा बहुतेक वेळा कंडेन्सर (मोटरला जोर देणारा छोटा कपॅसिटर) गेलेला असतो, स्वस्तातलं काम आहे. आणि पात्याच्या पुढच्या कडेला जो काळा थर बसतो तो मेन बंद करून ओल्या फडक्यानं पुसला तरी फरक कळतो.

आता मुख्य मुद्दा. फॅन खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो. खोलीत कोण नसताना तो चालू ठेवला तर उलट मोटरची थोडी उष्णताच खोलीत जाते. बाहेर पडताना बंद करा, एवढंच. आणि पारा 40 च्या वर गेला तर नुसत्या फॅनवर म्हाताऱ्या माणसांना सोडू नका, तेव्हा गरम वाराच अंगावर येतो, ओलं फडकं आणि पाणी पाहिजेच.

ज्यांच्याकडं एसी आहे त्यांनी तो 18 वर लावून वर पांघरूण घ्यायचं कशाला? 26-27 वर ठेवा, फॅन बारीक सोडा, तेवढाच गारवा वाटतो. एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असताना तासाला दीड युनिटच्या आसपास खातो, तेवढ्यात साधा 75 वॉटचा फॅन वीस तास चालतो.

नवीन फॅन घेणार असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा घ्या, 30 वॉटच्या आसपास घेतो. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला साध्याचे 27 युनिट, याचे 11. घरात तीन फॅन असले की जवळजवळ पन्नास युनिटचा फरक, आणि महावितरणच्या बिलात 100 युनिटच्या पुढचा दर केवढा चढतो ते सगळ्यांना माहीत आहे. 2023 पासून फॅनवर स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघूनच घ्या.

काही फॅनच्या रिमोटवर उलटं फिरवायचं बटण असतं, थंडीत वापरू का म्हणून लोक विचारतात. ते थंड मुलखासाठी, जिथं हिटरनं खोली तापवतात आणि गरम हवा छताला जाऊन बसते, तिथं फॅन उलटा हळू फिरवून ती खाली आणतात. आपल्याकडं घरात हिटर कोण लावतंय, त्या बटणासाठी जादा पैसे देऊ नका.

वरच्या मजल्यावाल्यांचा त्रास वेगळा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि फॅन तीच हवा खाली आणतो. टेरेसला पांढरा चुना मारा, आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडून मग फॅन लावा, कोल्हापुरात रात्रीची हवा बरी असते.

साहेब, एक विनंती. मार्च-एप्रिलमध्ये एसीच्या जाहिरातींच्या शेजारी रॉडची उंची, फिरण्याची दिशा आणि कंडेन्सर एवढ्या तीन गोष्टींची एक चौकट छापा. पीओपीचं काम काढलेल्या माणसाला ती वेळेत दिसली पाहिजे.

आपला,
एक वायरमन वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर