आई-बाबा, बॅग भरायला घेण्याआधी

म्युनिक

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

व्हिसा आला, तिकिटं झाली. फोनवर सांगितलेलं बाबा वहीत लिहून घेतात, पण मध्येच आवाज तुटतो आणि नेमकं कामाचं राहून जातं. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते. आईचे गुडघे आणि बाबांची साखर, या दोन गोष्टी धरूनच मी तुमचे दोन महिने आखले आहेत.

आधी औषधं. पूर्ण मुक्कामाची घ्या, वर पंधरा दिवसांची जास्त. इथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बीपीची साधी गोळीही मिळत नाही, आणि नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या दुकानात चालत नाही. तरी ती सोबत हवीच: टाइप केलेली, इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन असं लिहिलेलं इथल्या डॉक्टरला लगेच कळेल, आपल्याकडच्या ब्रँडचं नाव कळणार नाही. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत कधीच टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की निकामी. मे महिन्यात घर ते सोनेगाव विमानतळ एवढ्या वाटेतही ते तापेल, म्हणून थंड पाऊचमध्ये घ्या. बर्फाची थैली मात्र इन्सुलिनच्या पेनला थेट चिकटू देऊ नका, रुमाल गुंडाळा. इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, म्हणजे प्रवासाचा दिवस तेवढा लांबतो. त्या दिवशी कोणता डोस किती वाजता, हे बाबांनी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं. उतरेपर्यंत मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू द्या.

आई, तुझ्या गुडघ्याच्या गोळीत ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक आहे का ते बघून घे. तुमचं विमान दोहामार्गे आहे आणि आखाती देशांत त्या औषधाबद्दल नियम फार कडक आहेत. असेल तर डॉक्टरांना सांगून आत्ताच बदलून घे, म्हणजे नवीन गोळी मानवते की नाही तेही कळेल. खसखशीचं तसंच. तिकडे खसखस अमली पदार्थात मोजतात. फक्त विमान बदलायचं असलं तरी जोखीम कशाला? सावजी मसाला आणि आपला काळा मसाला या वेळी खसखस वगळून दळ. इथे पाव-केकवर घालायची खसखस पुडीत मिळते, ती मी भाजून नंतर घालीन.

आता खाण्याचं. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे घरचं तूप, लोणी, खवा नको. खव्याच्या मिठाईवरून तपासणाऱ्याशी वाद घालत बसावं लागेल, म्हणून पेढे-बर्फीही राहू दे. ताजी फळं आणि भाज्याही बंद. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच सूट आहे. म्हणजे आंबे नाहीत, कैऱ्या नाहीत, आणि अंगणातला कढीपत्ता हिरवा असो की ओल्या फडक्यात गुंडाळलेला, तोही नाही. सावलीत कडकडीत वाळवून डबीत भरलास तर हरकत नाही. खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊच देत नाहीत, कारण सुक्या खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं.

आणायचं ते असं: भिवापुरी तिखट अर्धा किलो, जवसाची चटणी, मुगवड्या, ज्वारीचे पापड, थोड्या कुरडया. तूरडाळ, कणीक, पोहे, फल्लीदाणे इथल्या भारतीय दुकानात मिळतात, त्यासाठी वजन वाया घालवू नका. लोणचं आणि तिखट दोन्ही सामानाच्या बॅगेत जाईल, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. लोणच्याची बरणी गळ्यापर्यंत भरू नको. वर हवेचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि तेल झाकणातून बाहेर येतं. दोन बोटं जागा सोड, तोंडावर प्लास्टिक ताणून झाकण लाव, मग दोन पिशव्या. कुरडयांचा डबा कपड्यांच्या मध्ये ठेव. ॲल्युमिनियमचा कुकर आणायचा विचार सोडून दे, आमची शेगडी इंडक्शनची आहे, ती त्याला तापवतच नाही. लोखंडी तवा चालतो. फुलके मात्र आचेवर फुगवता येणार नाहीत, तव्यावरच फडक्यानं कडा दाबायच्या.

विमानातल्या जेवणाचा एक घोळ नेहमी होतो. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात चिकन-मटण असू शकतं. मी ‘एशियन व्हेजिटेरियन’ नोंदवलं आहे. बाबांसाठी मधुमेहाचं वेगळं जेवण मागता आलं असतं, पण एका प्रवाशाला एकच खास जेवण मिळतं आणि मधुमेहाच्या ताटात मांसाहार येऊ शकतो. म्हणून खाकरे, भाजलेले फुटाणे आणि साखर अचानक उतरली तर ग्लुकोजच्या गोळ्या, एवढं बाबांच्या खिशाशी राहू द्या.

दोघांसाठी व्हीलचेअरची नोंद केली आहे. बाबा, कृपा करून ‘मला चालता येतं’ म्हणून ती परत पाठवू नका. दोहाचा विमानतळ अवाढव्य आहे, आणि व्हीलचेअरवाला माणूस तुम्हाला तपासणीच्या रांगेतून काढून नेमक्या दारापर्यंत सोडतो. त्याला पैसे द्यावे लागत नाहीत. चुकामूक झालीच तर मधल्या चौकात एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलं आहे, त्याच्यापाशी थांबा. कोणालाही विचारलं तरी दाखवेल. दोहामार्गाचा एक मोठा फायदा असा की इमिग्रेशन नागपूरलाच होतं आणि बॅगा थेट म्युनिकला निघतात. दिल्ली-मुंबईला ओझं घेऊन धावपळ नाही. चेक-इन करताना बॅगेच्या चिठ्ठीवर एमयूसी (MUC) ही म्युनिकची अक्षरं आहेत ना, तेवढं बघा. विमानात दर दोन तासांनी उठून दोन फेऱ्या मारा, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करा. खूप वेळ पाय लोंबते राहिले की पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो.

इथे उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी विचारेल: कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. निमंत्रणाचे कागद, ३०,००० युरोचा विमा आणि परतीचं तिकीट एका पारदर्शक फोल्डरमध्ये, हातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून इथे येण्या-जाण्याची नोंद संगणकात करायला सुरुवात झाली आहे. चेहऱ्याचा फोटो घेतील, बोटांचे ठसे तपासतील. आई, आदल्या दिवशी हातांना थोडं तेल लाव, कोरड्या बोटांचे ठसे लवकर उमटत नाहीत. व्हिसावर दोन गोष्टी असतात, कोणत्या तारखांमध्ये यायचं आणि एकूण किती दिवस राहायचं. लोक तारखा बघतात आणि दिवस विसरतात. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. त्या हिशोबानंच परतीचं तिकीट काढलं आहे.

घरातल्या दोन गोष्टी आधीच सांगते. इथलं बाहेरचं दार नुसतं ओढलं तरी बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, बाहेरच्या बाजूची मूठ फिरतच नाही. कचरा टाकायला दोन मिनिटं गेलात तरी किल्ली गळ्यात हवी. कुलूपवाल्याला रविवारी बोलावलं तर तो शेकड्यांनी युरो घेतो. दुसरं न्हाणीघराचं. शॉवरच्या कोपऱ्याबाहेर जमिनीला मोरीच नसते. बादली तिथे ओतली तर पाणी फरशीखाली झिरपून खालच्यांच्या छताला लागतं. आईसाठी शॉवरमध्ये प्लास्टिकचं स्टूल, बादली आणि तांब्या ठेवते. न घसरणारी चटईही आणून ठेवली आहे.

मेच्या शेवटी तुमच्याकडे पंचेचाळीस अंश, इथे सकाळी दहा. एक जाड कोट आणण्यापेक्षा एकावर एक घालायचे कपडे आणा: आत थर्मल, वर फुल बाह्यांचं, त्यावर स्वेटर. बूट नवे घ्यायचे तर आत्ताच घ्या आणि रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जाताना तेच घाला. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, तेव्हा उजेडावर जाऊ नका. घड्याळ बघून जेवायचं आणि पडदे ओढून झोपायचं. बाबांच्या साखरेला उशिराचं जेवण चालत नाही.

आता फिरणं. सगळ्यांना नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायचा असतो. बायर्न, म्हणजे आमच्या या राज्याच्या, दुसऱ्या लुडविग राजाचा हा किल्ला त्याच्या इतर महालांसोबत २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण गावापासून किल्ल्यापर्यंत अर्धा-पाऊण तास चढ आहे. घोडागाडी घेतली तरी शेवटचा तुकडा पायी, आणि आत १६५ पायऱ्या चढून १८१ उतरायच्या. उतरणंच गुडघ्यांना जास्त जाचतं. म्हणून आई खाली तळ्याकाठी बसेल, तिथून किल्ला छान दिसतो. बाबांना वाटलं तर ते आणि जावई वर जातील.

मला खरं तुम्हाला न्यायचंय ते क्योनिगझेला. डोंगरांच्या कुशीत लांबट हिरवं तळं, आणि त्यावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी. ना धूर, ना घरघर. मध्येच बोट थांबवून नावाडी कड्याकडे तोंड करून तुतारी वाजवतो आणि सूर फिरून येतात. अर्ध्या तासात सेंट बार्थोलोमे लागतं, लाल गोल घुमटांचं छोटं चर्च. तिथे सपाट वाट आहे, बाकं आहेत. फक्त परतीची शेवटची बोट चुकवायची नाही, कारण तिथे मोटारीचा रस्ताच नाही. जायचं कसं, तर बायर्न तिकिटावर. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालतात, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच. बाबांची न्याहारी आणि गोळी आरामात होऊन निघता येतं, हे मला त्यात सगळ्यात आवडतं. तेच तिकीट साल्झबुर्गपर्यंतही चालतं, पण तो ऑस्ट्रिया, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. फिरायच्या दिवसांमध्ये एक दिवस पूर्ण घरी. एका युरोची नाणी आईच्या पर्समध्ये असू द्या, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला लागतात.

निघण्याआधी कूलरची टाकी रिकामी करून कोरडी पुसा, नाहीतर पावसात डासांची पैदास होईल. गॅसचा रेग्युलेटर काढा. बाबांच्या सिमवर रोमिंग नागपूरलाच सुरू करून घ्या, बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि इथे आल्यावर ते सुरू करायला पुन्हा ओटीपीच लागतो.

या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी आणि विम्याचा कागद यांचे फोटो पाठवा. विम्याच्या अर्जात बीपी आणि साखर दोन्ही लिहिलंय ना, ते मला स्वतः बघायचंय. लपवलं तर ऐन वेळी पैसे देत नाहीत.

तुमची लाडकी,
मोठी