काकूला एवढं सांगा

ती. आई व आण्णांना,
सा. नमस्कार.

काकांनी त्यांच्या धाकट्या मुलाचा पोस्टमॉर्टमचा रिपोर्ट पाठवला होता, तो इथं पुण्यात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला. फोनवर हे बोलवत नाही. काकू शेजारी असते आणि अर्धवट कानावर पडलेलं रात्रभर उगाळत बसते. म्हणून लिहिते.

रिपोर्टात ‘कार्डियाक फायब्रोमा’ आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीतली गाठ. कॅन्सर नाही, शरीरात पसरत नाही. हृदयातच सुरू होणाऱ्या गाठी फार विरळ, शवविच्छेदनांच्या नोंदींत साधारण 5,000 मध्ये एखादी. मोठ्या माणसांत बहुतेकदा मिक्झोमा सापडते, तिचा तुकडा सुटला तर लकवाही होतो. फायब्रोमा जास्त करून लहान मुलांत दिसतो, पण एखाद्याच्या छातीत तो काहीच त्रास न देता तरुणपणापर्यंत राहतो.

आण्णा, ठिबक यायच्या आधी आपण केळीला दांडानं पाणी द्यायचो, आठवतं? मध्ये दगड आला की पाणी तिथंच भोवरा धरायचं. हृदयातली वीज त्या गाठीतून जात नाही, तिच्याभोवतीच गरगरत राहते. ठोके एकदम भरमसाट वाढतात, मग कप्पा नुसता थरथरतो, रक्त पुढं ढकललंच जात नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो.

दारावर बसायला येणाऱ्या प्रत्येकीला काकू म्हणते, ‘मीच त्याला उन्हात घड उतरवायला धाडलं.’ आई, तू तिला जवळ घेऊन सांग: उन्हानं ही गाठ होत नाही. ती त्याच्या हृदयात कधीपासून होती आणि तो पलंगावर निजलेला असता तरी हे घडू शकलं असतं. एकदा सांगून भागणार नाही. ती पुन्हा म्हणेल, तूही पुन्हा सांग.

मागच्या वर्षी पंपावर त्याला भोवळ आली होती आणि उपवास म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, ते तिच्यापुढं काढू नका. पण आण्णा, तुम्ही ते ध्यानात ठेवा. काही कारण नसताना, विशेषतः काम करताना, तरुण पोरगं बेशुद्ध पडलं तर लिंबूपाणी देऊन घरी बसवायचं नाही. ईसीजी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचीच. ईसीजी कधी साधाच येतो, गाठ इकोत दिसते. वेळेत सापडली तर पुष्कळदा ऑपरेशननं काढता येते.

बहुतेकदा हे घराण्यातून येत नाही, क्वचित येतं. म्हणून त्याच्या बहिणीची इको एकदा करून घ्यायची. काकांना सांगा, येत्या सोमवारी तिला जळगावला घेऊन जा. तुम्हीही सोबत जा, त्यांना एकट्याला दवाखान्याची पायरी चढवणार नाही. पैसे मी पाठवते, त्यांच्याकडून घेऊ नका.

तुमची,
ताई