पंखा बंद केल्याबद्दल

सर,

सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन दीड महिना झाला. त्यानंतर मी पहिल्यांदा घराबाहेर पडले ती त्या मंडळाच्या कार्यक्रमात शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधल्या आप्पासाहेबांवरचा लेख वाचायला. दुसऱ्या पानावरच मला थांबवलं, कारण सत्काराला उशीर होत होता. वर अध्यक्ष म्हणाले, "हेकेखोर म्हातारा तो, नायक कसला!" लोक हसले. बाबांच्या दहाव्याला, गोदाकाठी, नातेवाईकही हेच म्हणत होते. घर मुलांच्या नावावर केलं, स्वतःच्या हातानं करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, तुम्ही विचारलंत, "उरलेला लेख आणलाय का?" आपली ओळख केवळ नमस्कारापुरती. मी वाचू लागले, पण माझा आवाज फुटत नव्हता. तेव्हा तुम्ही उठलात आणि पंखा बंद केलात. मे महिन्यातली दुपार, तुमचा सदरा घामानं भिजलेला. नऊ पानं संपेपर्यंत तुम्ही तो पंखा लावला नाहीत. सर, माझं कुणी इतकं नीट ऐकून घेतल्याला फार वर्षं झाली होती.

नंतर तुम्ही कौतुक केलं नाहीत. आप्पासाहेबांच्या बायकोबद्दल एवढंच विचारलंत, "आणि कावेरीचं काय?"

मी घरी जाऊन रडले. लेखात मी आप्पासाहेबांना धुऊन स्वच्छ केलं होतं, सगळा दोष मुलांचा. पण ताट द्यावं, बसायचा पाट देऊ नये, हे कावेरी सांगत होती आणि त्यांनी ऐकलं नाही. टाळ्यांची सवय झालेल्या माणसाला घरातलं शहाणपण ऐकू येत नाही. त्याची किंमत तिनं मोजली. आमच्या आईनंही मोजली, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मग ते नायक कसे? माझ्यापुरतं उत्तर मला सापडलंय. शोकांतिकेचा नायक पुरता सज्जन नसतो आणि दुष्टही नसतो, तो स्वतःच्या चुकीनं कोसळतो, असं ॲरिस्टॉटलनंच सांगून ठेवलंय. म्हणजे चूक पुसली की नायकही पुसला जातो. शेक्सपिअरचा राजा लियर आधी मुलींकडून प्रेमाची भाषणं वदवून घेतो आणि मग राज्य वाटतो. आप्पासाहेब कसलीही परीक्षा न घेता देऊन टाकतात. हा भाबडेपणा आहेच. पण सगळं गेल्यावर, 'कुणी घर देता का घर' म्हणत फिरतानाही त्यांची भाषा भिकाऱ्याची होत नाही, आणि राजा नावाच्या बूटपॉलिश करणाऱ्या पोराला ते जीव लावतात. माझ्या लेखी मोठेपण तिथे आहे. शिरवाडकरांनी 1970 साली त्यांना निर्दोष लिहिलं असतं, तर आपण हळहळलो असतो आणि विसरलो असतो.

आपल्या नाशकात शिरवाडकरांच्या नावानं भाषणं पुष्कळ होतात. त्यांच्या नाटकातल्या माणसाविषयी कुणी बोलत असताना शांत बसून ऐकणारे तुमच्यासारखे थोडे. सभ्यपणा म्हणजे आणखी काय असतं, मला ठाऊक नाही.

कावेरीवर तीन पानं नवीन लिहिली आहेत. मंगळवारी दुपारी घेऊन येते. वेळ असेल ना?

तुमची कृतज्ञ,
सिडकोतली एक वाचक