आधी भोक बघ, मग रंग: मणीवाल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई,

पत्र तुम्हालाच आहे पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे सांगितलंत ते मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं आणि तुम्ही स्वतःहून ते कधी कुठे मांडणार नाही हे एव्हाना कळलंय. ओळख ना पाळख, मी नुसते माझ्या माळांचे फोटो पाठवले आणि तुम्ही त्यावर एवढ्या लांबलचक व्हॉइस नोट्स पाठवल्यात की मणी निवडत निवडत मी त्या ऐकत बसायचे. दर वेळी खाली हात जोडलेला इमोजी टाकला, पण ते काही आभार नव्हेत, म्हणून आज सविस्तर.

मी विचारलं होतं की ट्रायबल लुक यायला कुठले कलर घेऊ, लाल काळा पांढरा पिवळा एवढेच की फिरोजी पण चालेल, आणि तुमचं उत्तर आलं, "मण्याचं भोक दाखव." आधी वाटलं मेसेज चुकून मला आला. मग तुम्ही समजावलंत की सर गळ्यात कशी पडणार, दोरा किती जाड घेता येणार, मणी सरळ बसणार की वाकडा, माळ दोन वर्षं टिकणार की दोन महिन्यांत तुटणार, हे सगळं त्या भोकावर असतं. तेव्हापासून मी मणी हातात घेतला की आधी उजेडाकडे धरून आरपार बघते आणि आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघतात, ते असो.

बारीक काचमण्यांचं गणित तर तुम्ही एका नोटमध्ये संपवलंत. ११/० म्हणजे साधारण २ मिलिमीटर, ८/० म्हणजे ३, ६/० म्हणजे ४, म्हणजे नंबर चढला की मणी बारीक होतो, आणि सुईचंही तसंच, १० पेक्षा १२ नंबरची सुई बारीक. हे पाकिटावर लिहिलेलंच असतं हो, पण त्याच मण्यातून दोरा दोनदा तीनदा परत न्यायचा असेल (पट्टी विणताना न्यावाच लागतो) तर भोकात शेवटच्या फेरीला जागा उरेल का हे आधी बघायचं, नाहीतर सुई ओढताना मणी फुटतो आणि तो नेमका मधलाच असतो, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. तुम्ही म्हणालात ट्रायबल स्टाईलला चेक मणी (चेक प्रजासत्ताकात बनणारे) घे, ते थोडे कमीजास्त जाडीचे निघतात आणि त्यानेच हाताचं काम वाटतं, जपानी मणी अगदी एकसारखे, त्यात जीव कमी. यावर मी अजूनही भांडणार आहे! सुट्या सरींना चेकच, मान्य, पण त्रिकोण आणि नागमोडी पट्टे विणायचे असतील तर जपानी नळकांडी मणीच बरे, भिंत पातळ, भोक मोठं, आणि रेघ सरळ बसते. फोटो पाठवीन, बघा आणि मग बोला.

नळ्यांबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. काचेच्या नळीमण्यांची कड कापलेली असते, ती दोरा हळूहळू कापत राहते, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल बारीक मणी घालायचा. डिझाईनमध्ये हे मधले मणी किती छान दिसतात असं लोक मला सांगतात, मी हसून घेते, ते दिसायला नाहीतच, दोरा वाचवायला आहेत. दगडी मण्यांचंही तसंच, बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी वेज पाडतात आणि मधे दोन्ही वेजं जुळताना आत एक पायरी राहते, ती बाहेरून दिसत नाही पण दोऱ्याला जाणवते. बारीक गोल कानस आतून फिरवायची आणि फिरवताना मणी ओला ठेवायचा म्हणजे धूळ नाकात जात नाही, ही तुमची टीप मी आता इतरांना स्वतःची असल्यासारखी सांगते, त्याबद्दल माफी नाही.

तुमच्यामुळे वाचायलाही लागले. हडप्पा काळातले ते अकीकाचे लांबच लांब लाल मणी फोटोत पाहिले होते पण त्यांना भोक कसं पाडलं असेल हा प्रश्न कधी पडला नव्हता. जोनाथन मार्क केनॉयर या संशोधकांनी तशाच दगडी गिरमिटाचे प्रयोग करून पाहिले तर तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर काम होतं, म्हणजे सहा सेंटीमीटरचा एक मणी भेदायला २४ तास, आणि मधेच तडकला तर संपलं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सापडलेले छोट्या समुद्री शंखांचे मणी साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीचे आहेत, आणि ते अंगावर घातले जायचे हे कशावरून ओळखलं तर भोकाच्या कडेला दोऱ्याने पडलेल्या झिजेवरून. रंग नाही, आकार नाही, भोकाची झीज. हे वाचलं तेव्हा पहिली आठवण तुमची आली.

आणि घानामधल्या क्रोबो लोकांचे मणी! तुम्ही नुसतं नाव घेतलं होतंत, मी शोधून काढलं. जुन्या बाटल्या कुटून काचेची पूड करतात, ती मातीच्या साच्यात रंगाच्या थरांनी भरतात आणि मधोमध कसावाच्या पानाचा देठ उभा रोवतात, भट्टीत देठ जळून जातो आणि त्या जागी भोक राहतं. किती साधं. आपल्याकडे वैजयंतीचे म्हणून जे राखाडी चकचकीत मणी मिळतात ते तर निसर्गानेच भोक पाडून दिलेले, आतून देठ जातो, तो ओढून काढला की मणी तयार. तुमच्या सांगण्यावरून मी बियांच्या माळांमधून गुंज मात्र पूर्ण काढून टाकली. लाल अंगावर काळा डोळा, ट्रायबल डिझाईनला इतकी शोभते की मोह होतो, पण तिच्यात अब्रिन नावाचं जहाल विष असतं, आणि एकदा भोक पाडलं की कवच उघडंच, शिवाय पाडणाऱ्याच्या नाकातोंडात पूड जाते ते वेगळं. आता लाल हवं असेल तिथे रतनगुंज लावते, ती वेगळ्या झाडाची, सगळी लालच असते. तीही लहान मुलांच्या तोंडात जाऊ द्यायची नाही हे प्रत्येक पाकिटावर लिहिते.

आता रंग. कारण शेवटी तुम्ही रंगावरही आलात, फक्त तुमच्या वेळेने.

तुमचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: एक रंग यजमान, बाकीचे पाहुणे. माझ्या डब्यात चाळीस प्रकारचे मणी असतात म्हणून चाळीसही एका माळेत घालायचे नसतात, आणि घालायचेच असतील तर एखादी गोष्ट ठराविक अंतराने परत परत यायला हवी, मग ती पितळेची चकती असो, कवडी असो की नुसता काळा मणी, ती दिसली की डोळा थांबतो आणि पुढे सरकतो. लाल आणि हिरवे बारीक मणी एकाआड एक ओवले तर हातात छान दिसतात पण दोन पावलं लांबून बघितलं की सगळं मिळून तपकिरी दिसतं, ते टाळायला मधे पांढऱ्याची एक ओळ टाक म्हणालात. टाकली, आणि तोच लाल एकदम भडक उठून दिसायला लागला. याचंही मूळ सापडलं मला, फ्रान्समधल्या गोब्लँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई खातं सांभाळायचे, तिथे तक्रार यायची की काळा धागा फिका दिसतो, त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता. १८३९ साली त्यांनी हे सगळं छापलं. म्हणजे दोनशे वर्षं होत आली आणि आपण अजून मणी कापडावर मांडून तेच शोधतोय.

पारदर्शक मणी असतील तर दोऱ्याचा रंग आतून डोकावतो हेही तुमच्याकडूनच, तोच पिवळा मणी पांढऱ्या दोऱ्यावर लिंबासारखा आणि तपकिरीवर मधासारखा दिसतो, त्यामुळे आता मी एकच मणी घेऊन दोरा बदलून दोन शेड काढते, फुकटात.

आणि फिरोजीचा किस्सा, तिथे परत भोकच उपयोगी पडलं. फिरोजा म्हणून मिळणारे बरेचसे मणी हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट असतात, पांढरा दगड रंगवलेला, आणि वरून कितीही हुबेहूब दिसला तरी भोकाच्या आत डोकावलं की पुष्कळदा पांढरं दिसतं. तुम्ही म्हणालात वापर की बिनधास्त, दिसायला चांगलाच आहे, फक्त घेणाऱ्याला फिरोजा म्हणून सांगू नकोस. रंग टिकणारा आहे का बघायला नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस भिजवून एक मणी चोळायचा, आणि दुसरा मणी अर्धा झाकून खिडकीत उन्हात काही आठवडे ठेवायचा. माझ्या खिडकीत आता मण्यांची रांगच असते, आणि त्यातला तो भडक गुलाबी सोडून बाकीचे पास झालेत.

वजनाचं प्रकरण थोडक्यात, कारण ते तुम्हीही थोडक्यातच सांगितलंत: जड मणी पुढे, मानेमागे बारीक आणि गुळगुळीत, केस अडकणार नाहीत असे. स्टीलच्या वायरवर ओवलं तर क्रिंप (वायरचं टोक धरून ठेवणारा धातूचा छोटा मणी) दाबायच्या आधी दोन मिलिमीटर ढील ठेवायची, अगदी ताणून बसवलं तर माळ काडीसारखी ताठ राहते आणि वायर टोकाशी झिजते. अनेक सरींच्या माळेला मात्र तुमच्या सल्ल्याने नागा माळांचे फोटो बघत बसले, त्यात हाडाच्या किंवा शिंगाच्या पट्टीला ओळीने भोकं असतात आणि प्रत्येक भोकातून एक सर जाते, म्हणून दहा सरीसुद्धा एकमेकींवर चढत नाहीत. मी ते सजावट समजत होते, ते तर सगळं वजन आणि अंतर सांभाळणारं इंजिनिअरिंग निघालं.

त्याच वेळी तुम्ही एक गोष्ट कडक आवाजात सांगितलीत, तीही सांगते, कारण इथे ट्रायबल ज्वेलरी बनवणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. आपण करतो ती स्टाईल आहे, त्या लोकांचा दागिना नाही, आणि लेबलवर तसंच लिहायचं. पूर्व आफ्रिकेतल्या मासाई बायका ज्या गोल रुंद पट्ट्या विणतात त्यात लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे दूध आणि पावित्र्य, निळा म्हणजे आकाश, असे अर्थ सांगितले जातात, आणि ते काचमणी मुळात १९व्या शतकात युरोपातून व्यापाराने मोठ्या प्रमाणात तिथे पोचले तरी आज ती कला त्यांचीच आहे. त्यांचा अर्थ उचलून माझ्या कार्डावर छापायचा आणि माल माझा विकायचा, हे बरं नाही. अमेरिकेत तर १९९० च्या कायद्याने मूळनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा ठरतो. मी आता "अमुक माळांवरून सुचलेलं, हाताने ओवलेलं" एवढंच लिहिते, आणि खरं सांगू, विचारणारे वाढलेच, कमी नाही झाले. ज्यांना अस्सल हवंय त्यांना मी सरळ सांगते की बनवणाऱ्यांकडूनच घ्या.

ताई, हे सगळं तुम्ही एक पैसा न घेता सांगितलंत, आणि दर वेळी शेवटी "करून बघ आणि तुझं तू ठरव" म्हणालात, ते मला सगळ्यात आवडलं, कारण शिकवणारे बरेच भेटतात पण मतभेदाला जागा ठेवणारे कमी. म्हणून मनापासून थँक्यू, इमोजीशिवाय.

आणि आता लगेच पुढचा त्रास. सात सरींचा सेट करतेय, काळे आणि गडद लाल चेक मणी, मधे हाडाच्या पट्ट्या, पेंडंटला पितळेचे घुंगरू. घुंगरांवर हिरवट थर येऊ नये म्हणून लॅकर मारू का तसेच ठेवून अधूनमधून घासायला सांगू, लॅकर मारलं की आवाज बसतो असं मला वाटतंय. आणि पट्टीला सात भोकं पाडायची तर दोन भोकांमधे किती अंतर ठेवू म्हणजे हाड तडकणार नाही, तेवढी एक व्हॉइस नोट पाठवा, लांब असली तरी चालेल.

तुमची,
जपानी मण्यांवरून अजून भांडायची बाकी असलेली