आल्फ्रेड शॉ यांचा पहिला चेंडू आणि संप

महोदय,

१५ मार्च १८७७ रोजी मेलबर्न येथे चार्ल्स बॅनरमन यांना कसोटी क्रिकेटमधील पहिला चेंडू टाकणारे आल्फ्रेड शॉ केवळ त्या एका चेंडूसाठी स्मरणात राहावेत, हे मला अपुरे वाटते. नॉटिंगहॅमशायर या इंग्लिश काउंटी संघाच्या या व्यावसायिक गोलंदाजाने प्रथम श्रेणीत दोन हजारांहून अधिक बळी घेतले आणि दिलेल्या धावांपेक्षा टाकलेली षटकेच अधिक भरली (षटक तेव्हा बहुधा चार चेंडूंचे असे, हे खरे). १८८१ मध्ये नॉटिंगहॅमशायरचेच फलंदाज आर्थर श्रूजबरी यांच्यासह त्यांनी लेखी कराराच्या मागणीसाठी संप पुकारला. त्याच वर्षाअखेरीस ते ऑस्ट्रेलियात इंग्लंडचे कर्णधार होते.

आपला,
एक वाचक