नावे न विचारणाऱ्या मैत्रिणींचे आभार

ज्यांची पूर्ण नावे मला आजही ठाऊक नाहीत, आणि घरगुती हिंसा सोसलेल्या स्त्रियांच्या आमच्या आधारगटाच्या नियमानुसार ती विचारायचीही नव्हती, अशा त्या सर्व स्त्रियांचे मी जाहीर आभार मानते. पहिल्या तीन बैठकांत मी एक शब्दही बोलले नाही. कोणी बोलायला भाग पाडले नाही, आणि ‘इतकी वर्षे सहन का केलेस?’ हा बाहेर प्रत्येकाने विचारलेला प्रश्न तिथे एकदाही निघाला नाही.

पैसे अडवून धरणे, फोन तपासणे, आप्तांशी संबंध तोडायला लावणे हीदेखील हिंसाच आहे, हे तुमच्यापैकी एकीने अशा वागण्याचे प्रकार दाखवणारे चक्र कागदावर काढून मला समजावले. सत्ता आणि नियंत्रणाचे ते चक्र १९८४ साली अमेरिकेतील डुलुथ येथे, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्याच गटचर्चांतून आकाराला आले, हे कळले तेव्हा मला विलक्षण धीर आला. माझ्या घरातले वागणे अनोळखी स्त्रियांनी कितीतरी आधी ओळखून ठेवले होते!

घर सोडण्याचा काळ सर्वाधिक धोक्याचा ठरू शकतो हे सांगून, ज्यांनी कागदपत्रांच्या प्रती, औषधे, जादा किल्ली आणि थोडी रोकड विश्वासू व्यक्तीकडे ठेवण्याची तयारी माझ्याकडून टप्प्याटप्प्याने करून घेतली, त्यांची मी विशेष ऋणी आहे.

मध्यंतरी मी परत त्या घरी गेले, तरीही कोणी मला बोल लावला नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बैठकीच्या खोलीचे दार ढकलले, तेव्हा तुम्ही सरकून मला जागा करून दिलीत.